मात्रा यंत्राची, लय माणसाची

लग्नाच्या वरातीत, मालिकेच्या शीर्षकगीतात किंवा एखाद्या जाहिरातीत जो ठेका आपल्या कानावर पडतो, तो पुष्कळदा कोणी बसून वाजवलेला नसतो. तो संगणकाच्या पडद्यावर घरं भरून मांडलेला असतो. आवाज ढोलकीचा असतो, तबल्याचा असतो. पण ढोलकीवाला त्या खोलीत नसतो. हे नेमकं कसं घडतं, असा ठेका कधी जिवंत आणि कधी अगदी कोरडा का वाटतो, आणि या सगळ्यात मूळ वाजवणाऱ्याचं स्थान काय, हे आज समजून घेऊ या.

आधी दोन शब्दांची ओळख करून घेऊ. पहिला शब्द ‘सॅम्पल’. एखाद्या वादकानं तबल्यावर फक्त एक ‘ना’ वाजवला आणि आपण तेवढाच ध्वनिमुद्रित केला, तर तो झाला सॅम्पल, म्हणजे आवाजाचा नमुना. सीडीच्या दर्जाचं मुद्रण करताना आवाजाची पातळी एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजली जाते आणि आकड्यांत लिहून ठेवली जाते. एकदा आकडे झाले की तोच ‘ना’ कितीही वेळा, हव्या त्या क्षणी उमटवता येतो.

दुसरा शब्द ‘सीक्वेन्सर’. शाळेतली चौकटीची वही डोळ्यांसमोर आणा. डावीकडून उजवीकडे वेळ सरकतो. वरपासून खालपर्यंत एकेका आवाजाची एकेक ओळ असते. ज्या घरात खूण केली, तिथे तो आवाज वाजतो. शेवटचं घर आलं की पुन्हा पहिलं. आपल्याला ही कल्पना परकी वाटायला नको. भातखंडे पद्धतीत ताल लिहिताना मात्रा ओळीनं मांडून समेखाली फुली आणि खालीखाली शून्य लिहितात. आवर्तन कागदावर मांडायची रीत आपल्याकडे संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे.

आता केरवा मांडून पाहू. धा गे ना ती, न क धी ना, अशा आठ मात्रा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला १६ घरं आखलेली असतात, म्हणून एका मात्रेला दोन घरं द्यायची. पण पहिल्याच घरात एक गोष्ट लक्षात येते. ‘धा’ हा एक बोल असला तरी त्यात आवाज दोन आहेत : उजव्या हाताचा ‘ना’ आणि डग्ग्यावरचा ‘गे’. तेव्हा पहिल्या घरात दोन ओळींवर खुणा कराव्या लागतात. म्हणजे यंत्राला सांगण्यासाठी का होईना, आपण बोलाची फोड करायला शिकतो.

दादरा घ्यायचा असेल तर सहा मात्रा. १६ घरांत त्या बसत नाहीत. घरं १२ करून घ्यावी लागतात. सात मात्रांच्या रूपकाला १४ लागतात. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये हा बदल क्षणात होतो, पण तो करायचा हे माणसाला सुचावं लागतं. पडद्यावर १६ घरं दिसली की नवशिक्याचा हात आपसूक चार-चारच्या हिशेबाकडे वळतो.

या यंत्रांचा इतिहास फार जुना नाही. १९८० हे त्यातलं महत्त्वाचं वर्ष. अमेरिकेतल्या रॉजर लिन यांनी त्या वर्षी एलएम-१ हे यंत्र आणलं. खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज वाजवणारं ते पहिलं तालयंत्र. किंमत सुमारे पाच हजार डॉलर. स्मृतीसाठा इतका महाग होता, की मोठ्या झांजेचा लांबणारा आवाज त्यात ठेवणं परवडलं नाही. त्याच वर्षी जपानच्या रोलँड कंपनीचं टीआर-८०८ आलं. त्यातले आवाज मुद्रित नव्हते, विद्युतमंडलांतून तयार केलेले होते. ते खऱ्या ड्रमसारखे वाजत नाहीत, अशी तक्रार तेव्हा झाली. पुढे त्याच निराळेपणामुळे ते जगभर लोकप्रिय झाले. १९८३ मध्ये ‘मिडी’ ही एका यंत्रानं दुसऱ्याशी बोलायची समान भाषा आली आणि निरनिराळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांना जोडता येऊ लागली.

यात मुंबईचाही एक धागा आहे. हिंदी चित्रपटसंगीतात अनेक वर्षं वाजवणारे वादक चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये टीआर-८०८ च्या ठेक्यावर दहा राग बसवून एक ध्वनिमुद्रिका केली. भैरवी, तोडी, यमन, मालकंस असे राग, आणि त्याखाली यंत्राचा अखंड ठोका. त्या काळी तिच्याकडे फारसं कोणी वळून पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा पाश्चात्त्य जाणकारांनीही नवल केलं. आपल्या ऑर्केस्ट्रांत मात्र हे युग आलं ते ऑक्टोपॅडच्या रूपानं. काठ्यांनी वाजवायचे आठ चौकोन असलेलं हे वाद्य १९८५ मध्ये बाजारात आलं. सुरुवातीच्या ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाज नव्हता. तो फक्त दुसऱ्या यंत्राला इशारा द्यायचा. पुढे त्याच्या पोटात आवाज आले, आणि ढोलकी, हलगी, संबळ असं सगळं एका माणसाच्या दोन काठ्यांखाली आलं.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. घरं बरोबर भरली, आवाज उत्तम आहेत, तरी ठेका कोरडा का वाटतो?

पहिलं कारण जोर. हाताची प्रत्येक थाप सारख्या वजनाची नसते. समेवरचा ‘धा’ भरदार असतो, मधला ‘न क’ जेमतेम स्पर्शाचा असतो. मिडीत प्रत्येक आघाताचा जोर १ ते १२७ या आकड्यांत सांगता येतो. सगळे आकडे १०० वर ठेवले तर ठेका पाठ म्हणणाऱ्या मुलासारखा वाटतो. मात्र जोर कमी करणं म्हणजे नुसता आवाज लहान करणं नव्हे. हलक्या थापेचा नादच वेगळा असतो. म्हणून चांगल्या संग्रहात एकच बोल हळू, मध्यम आणि जोरात असा वेगवेगळा मुद्रित केलेला असतो.

दुसरं कारण तोच-तोपणा. एकच ‘ना’ भरभर आठ वेळा वाजवला की कान ओळखतो. बंदुकीच्या फैरीसारखा भास होतो. खरा वादक एकच बोल दोनदा अगदी हुबेहूब वाजवू शकत नाही. यावर उपाय म्हणून एकाच बोलाचे चार-पाच नमुने घेऊन ते आळीपाळीनं वाजवतात.

तिसरं कारण वेळ, आणि खरी गंमत इथेच आहे. मिनिटाला १२० ठोक्यांची गती धरा. एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. त्यात चार घरं, म्हणजे एक घर १२५ सहस्रांश सेकंदांचं. यंत्र प्रत्येक घर अचूक १२५ देतं. माणूस देत नाही. लिन यांनी आपल्या यंत्रात यासाठी एक सोय ठेवली : दोन-दोन घरांची जोडी करून पहिलं किंचित लांबवायचं, दुसरं तेवढंच आखडायचं. २५० चे ५४ टक्के पहिल्याला दिले तर १३५ आणि ११५. फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाचा, पण तेवढ्यानं ठेका सैल होतो, मान डोलू लागते. आपले वादक ज्याला झोल म्हणतात, त्याच्या जवळपास जाणारी ही गोष्ट. अमेरिकेतला जे डिला हा संगीतकार याच्याही पुढे गेला. चुकलेले आघात आपोआप घरात बसवणारी सोयच तो अनेकदा बंद ठेवायचा आणि बोटांनी यंत्राची बटणं वाजवायचा. त्याचं यंत्र आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

तबल्याच्या बाबतीत आणखी अडचण आहे. डग्ग्यावर मनगट दाबून ‘गे’चा स्वर वर सरकवला जातो. हा घुमारा एका घरात मावत नाही; तो वेगळा मुद्रित करावा लागतो किंवा स्वर वाकवून साधावा लागतो. शिवाय तबला गाण्याच्या स्वराला मिळवलेला असतो. काळी चारला लावलेल्या तबल्याचा नमुना ओढून पांढरी एकपर्यंत उतरवला, तर स्वर जुळतो पण लाकूड आणि कातडं ओळखू येईनासं होतं.

म्हणजे यंत्राजवळ मात्रा आहे, आणि ती अचूक आहे. जोर, झोल आणि घुमारा मात्र कोणीतरी आधी हातानं वाजवलेला आणि मग कोणीतरी कानानं निवडलेला असतो. या दोन माणसांपैकी दुसऱ्याचं नाव श्रेयनामावलीत येतं. पहिल्याचं काय होतं?

१९६९ मध्ये ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकी वाद्यवृंदानं ‘आमेन, ब्रदर’ नावाची रचना मुद्रित केली. तिच्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाचा सहा-सात सेकंदांचा एकल तुकडा आहे. सॅम्पलर स्वस्त झाले, तसा तो तुकडा हजारो गाण्यांत वापरला गेला. ब्रिटनमध्ये त्याच्या आधारावर संगीताचे नवे प्रकार उभे राहिले. कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत वारला. या वापराचा मोबदला त्याला कधी मिळाला नाही. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून २४ हजार पौंड वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना दिले. ज्याच्या हातचा तो ठेका होता, तो तेव्हा हयात नव्हता.

आपल्याकडे १९९४ च्या दुरुस्तीनं प्रतिमुद्राधिकार कायद्यात कलावंताच्या हक्काला जागा मिळाली आणि २०१२ च्या दुरुस्तीनं रॉयल्टीचा मुद्दा आला. पण सुट्या थापांच्या संग्रहासाठी वाजवणाऱ्याला बहुधा एकदाच मानधन मिळतं आणि विषय संपतो. हलगी किंवा संबळ वाजवणाऱ्याला तर आपण कशावर सही करतो आहोत, हेही नीट समजावून सांगितलं जाईलच असं नाही. त्याची एक दुपार मुद्रित होते. पुढे त्याच सुपारीला त्याच्याऐवजी त्याचाच आवाज जातो.

म्हणून यंत्र टाकून द्यावं, असं कोणी म्हणणार नाही. ज्या गावात शिकवणारा नाही, तिथल्या मुलालाही आज ताल मांडता येतो. हायड्रोजन, एलएमएमएस यांसारखी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. मात्र सुरुवात पडद्यापासून करू नये. आधी ठेका तोंडानं म्हणावा, हातावर टाळी-खाली द्यावी, मगच घरं भरावीत. मांडून झाल्यावर डोळे मिटून ऐकावं आणि जिथे मान थांबते तिथे वेळ पाच-दहा सहस्रांशांनी मागेपुढे करून पाहावी. शक्य असेल तर आपल्या भागातल्या वादकाला बोलावून त्याचे बोल स्वतः मुद्रित करावेत. त्याला काय करणार आहोत ते स्पष्ट सांगावं, रीतसर पैसे द्यावेत, लेखी ठरवावं आणि गाण्याखाली त्याचं नाव लिहावं. नाव लिहायला एका ओळीपेक्षा जास्त जागा लागत नाही.