खरी श्रीमंती

'श्रीमंत' हा शब्द तुम्ही रोज ऐकता. उर्दूत आपण 'दौलतमंद' किंवा 'अमीर' म्हणतो. 'दौलत' हा शब्द तर मराठीतही आहे. पण खरा श्रीमंत कोणाला म्हणावे? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

एकदा नववीच्या वर्गात मी हाच प्रश्न विचारला. भराभर हात वर झाले. कोणी म्हणाले, "ज्याच्याकडे मोटार आहे तो." कोणी म्हणाले, "ज्याचे स्वतःचे चार कारखाने आहेत तो." शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मात्र हळूच उठला आणि म्हणाला, "सर, ज्याच्या दारात उधारी मागायला कोणी येत नाही, तो श्रीमंत."

सगळा वर्ग हसला. मला हसू आले नाही. त्याचे वडील यंत्रमागावर काम करत होते. ते काही महिने आजारी होते आणि किराणा दुकानाची उधारी वाढत चालली होती. दोनच दिवसांनी तो मुलगा शाळेत आला नाही. चौकशी केली, तेव्हा कळले की तो एका कारखान्यात कांड्या भरायला जाऊ लागला आहे.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील खाटेवर पडून होते. ते म्हणाले, "सर, इल्म मोठी दौलत आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण दुकानदार इल्म घेऊन पीठ देत नाही."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पैसा वाईट नाही. भाकरी, औषध, घरभाडे, शाळेची फी यांसाठी पैसा लागतोच. उपाशी माणसाला 'पैशात काय आहे?' असे सांगणे हा त्याचा अपमान आहे. गरिबी ही काही अभिमानाने मिरवायची गोष्ट नाही. कष्टाने आणि इमानाने पैसा मिळवणे हे चांगलेच काम आहे. प्रश्न एवढाच आहे, की पैसा मिळाला म्हणजे माणूस श्रीमंत झाला का? याचे उत्तर शोधण्यासाठी मी तुम्हांला एका वकिलाची हकीकत सांगतो.

बिहारमध्ये गंगेच्या काठी पाटणा शहर आहे. तेथे मुहम्मद बख्श नावाचे एक वकील राहत असत. त्यांना जुनी हस्तलिखिते जमवण्याचा नाद होता. हस्तलिखित म्हणजे हाताने लिहिलेला ग्रंथ. उर्दूत आपण त्याला 'मखतूता' म्हणतो. छपाईची यंत्रे येण्यापूर्वी सर्व ग्रंथ असेच लिहिले जात. एकेक प्रत तयार करायला कित्येक महिने लागत. एखादी प्रत जळाली किंवा तिला वाळवी लागली, तर त्यातील ज्ञानही कायमचे नाहीसे होण्याची भीती असे.

मुहम्मद बख्श यांना १८४२ साली मुलगा झाला. त्याचे नाव खुदा बख्श. हा मुलगा हुशार होता. कलकत्त्याला शिकत होता. पण वडील आजारी पडले आणि घरची ओढाताण सुरू झाली. खुदा बख्श यांना परत येऊन नोकरी धरावी लागली. मात्र नोकरी करतानाही त्यांनी अभ्यास सोडला नाही. १८६८ साली ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पाहता पाहता पाटण्याचे नामांकित वकील बनले.

१८७६ साली वडील वारले. त्यांच्यामागे सुमारे १,४०० हस्तलिखिते होती. मृत्यूपूर्वी त्यांनी मुलाला एकच गोष्ट सांगितली होती : हा संग्रह वाढव आणि तो सर्व लोकांसाठी खुला कर. दुसरे कोणी असते, तर हे ओझे वाटले असते. खुदा बख्श यांनी ते आपल्या आयुष्याचे काम मानले.

वकिलीतून पैसा येत होता आणि तो ग्रंथांसाठी जात होता. त्यांनी मुहम्मद मक्की नावाच्या एका अरब जाणकाराला महिना ५० रुपये पगारावर नेमले. हा माणूस सुमारे १८ वर्षे अरबस्तान, इजिप्त, इराण अशा देशांत हिंडून दुर्मीळ ग्रंथ शोधत राहिला. शिवाय खुदा बख्श यांनी एक गंमतीदार नियम केला होता. जो कोणी हस्तलिखित विकायला पाटण्याला येईल, त्याला ते दुप्पट रेल्वेभाडे देत. त्यामुळे लांबलांबचे लोक आपले जुने ग्रंथ घेऊन आधी त्यांच्याकडे येत.

एकदा तर नवलच घडले. पुस्तकबांधणी करणाऱ्या एका माणसाने त्यांच्या संग्रहातील काही उत्तम ग्रंथ चोरले आणि विकण्यासाठी लाहोरच्या एका दलालाकडे पाठवले. त्या दलालाला चोरीची काहीच कल्पना नव्हती. असे मोलाचे ग्रंथ कोण घेईल, असा विचार करून त्याने पहिले पत्र खुदा बख्श यांनाच लिहिले! अशा रीतीने चोरीस गेलेले ग्रंथ आपल्या पायांनी घरी परतले.

पुढे त्यांनी सुमारे ८०,००० रुपये खर्च करून ग्रंथांसाठी दोन मजली इमारत बांधली. त्या काळी ही रक्कम किती मोठी होती, हे मक्कीच्या ५० रुपये पगारावरून तुमच्या लक्षात येईल. त्या पैशांत स्वतःसाठी मोठी हवेली उभी राहिली असती. पण ऑक्टोबर १८९१ मध्ये हे ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले. तेव्हा त्यात सुमारे ४,००० हस्तलिखिते होती. खुदा बख्श यांनी रीतसर विश्वस्तपत्र करून ते लोकांना देऊन टाकले. अट एकच होती : हे ग्रंथ पाटण्याबाहेर नेऊ नयेत.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने हा संग्रह विकत मागितला होता, अशी एक हकीकत एका इंग्रज लेखकाने लिहून ठेवली आहे. देऊ केलेली रक्कम फार मोठी होती. खुदा बख्श यांनी नकार दिला. ज्या गोष्टीसाठी वडिलांनी आणि आपण सारे आयुष्य वेचले, ती पैशासाठी कशी द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते.

सरकारने त्यांना 'खानबहादूर' हा किताब दिला. येथे एक गंमत ध्यानात ठेवा. उर्दूत किताब म्हणजे पुस्तक, तर मराठीत किताब म्हणजे मानाची पदवी! पुढे काही वर्षे ते हैदराबाद संस्थानच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्या वेळी आपले बीड, परभणी, नांदेड हे जिल्हेही त्याच संस्थानात होते. एवढ्या मोठ्या पदावर काम करूनही त्यांच्या हाती पैसा राहिला नाही. अखेरच्या काळात त्यांच्यावर कर्ज झाले होते. ते फेडण्यासाठी सरकारला मदत करावी लागली. १९०८ साली त्यांचे निधन झाले. त्यांची कबर ग्रंथालयाच्या आवारातच आहे.

ही हकीकत मी वर्गात सांगितली, तेव्हा तो मुलगा वर्गात होता. तो शाळेत परत कसा आला, तेही सांगायला हवे. मी किराणा दुकानदाराला भेटलो होतो. ते म्हणाले, "मास्तर, पोराला शाळेत पाठवा. माझे पैसे कुठे पळून जात नाहीत." त्यांनी उधारीचे छोटे छोटे हप्ते बांधून दिले. दुकान अगदी लहान होते. पण मला त्या दिवशी ते गावातले फार श्रीमंत गृहस्थ वाटले.

हकीकत संपताच त्या मुलाने विचारले, "सर, मग खुदा बख्श श्रीमंत की गरीब? त्यांच्यावर तर कर्ज होते."

प्रश्न रास्त होता. पैशाच्या हिशोबाने पाहिले, तर अखेरीस त्यांची वही तोट्यात होती. कर्ज काढावे, असे मी तुम्हांला मुळीच सांगणार नाही. उधारीची चिंता काय असते, हे त्या मुलाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. तरीही खुदा बख्श यांना मी श्रीमंत म्हणतो. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे, की त्यांनी पैशाचे रूपांतर न झिजणाऱ्या वस्तूत केले. पैसा वाटला की कमी होतो. ज्ञान वाटले तर कमी होत नाही. एक भाकरी चार जणांनी खाल्ली, तर प्रत्येकाला पाव वाटा मिळतो. पण एक पुस्तक चार जणांनी वाचले, तर प्रत्येकाला ते पूर्ण मिळते.

दुसरे कारण म्हणजे, त्यांच्याजवळ विकायची नाही अशी एक गोष्ट होती. ज्याच्याजवळची प्रत्येक गोष्ट योग्य किंमत येताच विकली जाते, तो कितीही पैसेवाला असला, तरी आतून रिकामा असतो. इमान, अब्रू, वडिलांना दिलेला शब्द, मित्राचा विश्वास यांचा बाजारभाव नसतो. त्या ज्याच्यापाशी आहेत, त्याला कोणी विकत घेऊ शकत नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. आपली सर्वांत आवडती वस्तू त्यांनी कुलपात ठेवली नाही. ती अनोळखी लोकांच्या हाती दिली. तिजोरीतला पैसा एका घराला उपयोगी पडतो. त्यांची दौलत मात्र आजही लोकांच्या उपयोगी पडत आहे.

महात्मा गांधींनी १९२५ साली या ग्रंथालयाला भेट दिली. १९६९ साली भारताच्या संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. आज तेथे २०,००० हून अधिक हस्तलिखिते आहेत. हुमायून आणि जहांगीर या बादशहांनी ज्याच्या समासात स्वहस्ते टिपा लिहिल्या, तो हाफिजचा दीवान तेथे आहे. अकबराच्या काळातील तैमूर घराण्याचा सचित्र इतिहासही तेथे आहे. २०११ साली युनेस्कोने त्या ग्रंथाची 'जागतिक स्मृती' (मेमरी ऑफ द वर्ल्ड) या यादीत नोंद केली. हे ग्रंथ एके काळी बादशहांच्या खजिन्यात होते. आज जिज्ञासू विद्यार्थ्याला त्यांचा अभ्यास करता येतो. एका वकिलाने हे घडवून आणले.

तुम्ही म्हणाल, "आमच्याजवळ ना हस्तलिखिते, ना हवेली. आम्ही कसे श्रीमंत होणार?" त्यासाठी मोठे होण्याची वाट पाहायला नको. तुमची वापरून झालेली पाठ्यपुस्तके नीट कव्हर घालून खालच्या वर्गातील मुलाला द्या. तुम्हांला गणित चांगले येत असेल, तर शेजारच्या मुलाला रोज अर्धा तास शिकवा. आजी-आजोबांजवळ बसून त्यांच्या आठवणी वहीत लिहून ठेवा. तेही एक हस्तलिखितच होईल! आणि उद्या तुम्ही दुकान टाकले, तर एखाद्या मुलाची शाळा उधारीसाठी सुटणार नाही, एवढे पाहा. पैसा जरूर मिळवा, पण तो कशासाठी मिळवला, याचे उत्तर आपल्याजवळ असू द्या.

तो मुलगा पुढे दहावी उत्तीर्ण झाला. निकालाच्या दिवशी तो मला भेटायला आला. मी त्याला सहज विचारले, "काय रे, श्रीमंत कोण, याचे उत्तर आता काय देशील?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, उधारी फिटली पाहिजे, हे तर मी अजूनही म्हणतो. पण खुदा बख्शांचे कर्ज फिटून गेले. त्यांचा मराठीतला किताब लोक विसरले. उर्दूतल्या किताबा मात्र राहिल्या."

या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.