हौस वीस हजारांची, प्रश्न धोरणाचा

माझ्या भाच्याने गेल्या हिवाळ्यात आयुष्यातली पहिली मोटार घेतली. २०१८ साली बनलेली, एका हाताने वापरलेली आणि त्या मॉडेलच्या सर्वांत खालच्या श्रेणीतली छोटी हॅचबॅक. गाडी घरी आली तेव्हा तिच्यात एक फेरबदल आधीच झालेला होता. चालकाच्या सुरक्षापट्ट्याच्या खोबणीत धातूची एक चपटी पट्टी खोचून ठेवलेली होती. पट्टा न लावताच तो लावल्याचा भास गाडीला व्हावा आणि इशाऱ्याची घंटा गप्प राहावी, एवढेच तिचे काम. शंभर-दोनशे रुपयांत मिळणारी ही पट्टी म्हणजे मोटारीतला बहुधा सर्वांत स्वस्त फेरबदल असेल.

या क्षुल्लक वस्तूकडे सरकारचे लक्ष जायला एका नामवंत उद्योजकाचा मृत्यू व्हावा लागला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील अपघातात सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि अशा पट्ट्यांच्या १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये सुरक्षापट्टा न लावलेल्या १६,७१५ जणांचा रस्ते अपघातांत बळी गेला. त्यांतले जवळपास निम्मे, म्हणजे ८,३३१ जण, गाडी चालवत नव्हते. ते नुसते बसलेले होते.

भाच्याने ती पट्टी काढून कचऱ्यात टाकली आणि मला म्हणाला, ‘मामा, वीस हजार बाजूला ठेवलेत. करोल बागेत एवढ्या पैशांत गाडीचं रूपच पालटून देतात म्हणे. तुम्ही चला सोबत.’ मी गेलो. रस्ते सुरक्षेवर बरीच वर्षे लिहूनही या बाजारात मी ग्राहक म्हणून फारसा फिरलो नव्हतो.

दिल्लीची करोल बाग, बंगळुरूचा जे. सी. रोड, चेन्नईचा जनरल पॅटर्स रोड, कोलकात्याचा मल्लिक बाजार. शहर कोणतेही असो, मोटारींच्या साजशृंगाराची आणि सुट्या भागांची अशी एखादी पेठ तिथे असतेच. तिथे येणारा ग्राहक श्रीमंत शौकीन असतो, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. बहुसंख्य गिऱ्हाईक भाच्यासारखे असते. पैसे पुरले नाहीत म्हणून खालची श्रेणी घ्यायची आणि वरच्या श्रेणीत जे मिळते ते हळूहळू बाजारातून जोडून घ्यायचे. आपल्याकडे ‘मॉडिफिकेशन’ या शब्दाला चैनीचा वास येतो. प्रत्यक्षात ते अनेकदा अपुरी गाडी पुरी करण्याची धडपड असते.

पहिल्याच दुकानात आमच्यापुढे यादी आली. समोर पोलादी क्रॅश गार्ड, शंभर वॅटचे दिवे, रुंद टायर, काचांना काळी फिल्म, कर्कश हॉर्न आणि चामड्यासारखी दिसणारी आसनांची आवरणे. सगळे मिळून वीस हजारांच्या आत. दुकानदार सभ्य होता आणि त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. पण त्या यादीतील जवळपास प्रत्येक वस्तू एक तर कायद्याच्या विरोधात होती, किंवा चुकीची निवडल्यास जिवाशी खेळणारी होती.

क्रॅश गार्डचेच पाहा. गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपला जावा अशीच त्याची रचना असते. त्या चेपण्यात धडकेची शक्ती जिरते. एअरबॅगचे संवेदक धडकेचा वेग आणि तीव्रता जोखून डोळ्याची पापणी लवण्याआधी निर्णय घेतात. पुढे पोलादी चौकट लावली की धक्का थेट सांगाड्यात उतरतो आणि संवेदकांचे गणित बिघडू शकते. शिवाय रस्त्यावरच्या पादचाऱ्यालाही ती चौकट अधिक इजा करते. म्हणूनच केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा गार्डवर कारवाई करण्यास कळवले होते.

दिव्यांचा अनुभव माझ्या गाठीला होता. वीस वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या गाडीत मी मूळच्या ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचे बल्ब बसवून घेतले. बारा व्होल्टच्या यंत्रणेत साठ वॅटच्या दिव्याला सुमारे पाच अँपिअर विद्युतप्रवाह लागतो, शंभर वॅटच्या दिव्याला आठांहून अधिक. तारा आणि होल्डर जुन्याच हिशेबाचे होते. जयपूरच्या वाटेवर एका रात्री होल्डर वितळले आणि दोन्ही दिवे एकदमच विझले. पत्नी आणि दोन लहान मुलांसह उजाडेपर्यंत मी रस्त्याकडेला थांबलो. मागून येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या आवाजाने छातीत धडकी भरत होती. आज शंभर वॅटची जागा स्वस्त एलईडी बल्बनी घेतली आहे. त्यांना वीज कमी लागते. पण हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात ते बसवले की प्रकाश विखुरतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. आपल्याला उजळ दिसते, त्याला काहीच दिसत नाही.

कायद्याची बाजू तर याहून गुंतागुंतीची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात ही तरतूद काटेकोरपणे लावली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. मात्र याच कायद्यात ‘बदल’ म्हणजे वाहनाचे मूळ स्वरूप पालटणारा रचनेतील फेरफार, असेही स्पष्टीकरण आहे. मग मागे बसवलेला पार्किंग सेन्सर बदल ठरतो का? वरच्या श्रेणीचे चाक खालच्या श्रेणीला लावले तर? सामान्य माणसाने वाचून समजून घ्यावी अशी एकही सरकारी यादी आम्हाला परिवहन कार्यालयात मिळाली नाही. काय चालत नाही, हे नाक्यावरच्या पावतीतून कळते. काय चालते, हे कुणीच सांगत नाही.

काचांवरील फिल्म हे या गोंधळाचे सर्वांत बोलके उदाहरण. नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचेवर बाहेरून चिकटवलेल्या फिल्मवर सरसकट बंदी घातली. पुढे नियम बदलला आणि १ एप्रिल २०२१ पासून प्लास्टिक फिल्म असलेल्या सुरक्षा काचेला त्यात स्थान मिळाले. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने याच प्रमाणात प्रकाश जाऊ देणारी फिल्म चालेल असे म्हटले. उन्हात होरपळणाऱ्या दिल्लीकराने यातून नेमका कोणता बोध घ्यावा? वाहन कायदा केंद्राचा, गाडी देशभर फिरणारी. पण तिच्या काचेचे भवितव्य तपासणाऱ्या हवालदाराच्या समजुतीवर सोडलेले.

दुकानदाराची यादी बाजूला ठेवून आम्ही आमची यादी केली. मागचे दोन टायर झिजून १.६ मिलिमीटरच्या किमान खोलीजवळ आले होते. ते मूळ मापाचेच नवे घेतले. रुंद टायरचा मोह भाच्याला होताच. मी त्याला मापांचे गणित दाखवले. स्विफ्टच्या मागच्या पिढीत खालच्या श्रेणीला १६५/८० आर १४ आणि वरच्या श्रेणीला १८५/६५ आर १५ असे टायर येत. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, सुमारे ६२ सेंटिमीटर. म्हणून वेगमापक खरे बोलतो. बदल करायचाच तर निर्मात्याने त्याच मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापाचा करावा, ही नवशिक्यासाठी सोपी कसोटी आहे. टायरवरचे बीआयएस चिन्ह आणि निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगणारे चार आकडेही त्याने स्वतः तपासले. मग मूळ वॅटचेच चांगले बल्ब, दिव्यांचा कोन नीट करून घेणे, नवे वायपर आणि मागचा पार्किंग सेन्सर. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना हा सेन्सर सक्तीचा झाला. भाच्याची गाडी त्याआधीची. आसनांना आवरणे घालायची तर बाजूच्या एअरबॅग आसनातच आहेत का हे आधी पाहायचे असते, कारण चुकीचे आवरण त्या रोखू शकते. त्याच्या गाडीत त्या नव्हत्याच. तरीही आवरणांचे पैसे आम्ही वाचवले.

ते वाचवले एका वस्तूसाठी. भाच्याची मुलगी दोन वर्षांची आहे. कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित केलेले नसेल तर एक हजार रुपये दंड होतो. आम्ही सात दुकाने पालथी घातली. रंगीबेरंगी दिवे, सुगंधी बाटल्या, डॅशबोर्डवरचे देव, सगळे होते. बालआसन एकाही दुकानात नव्हते. ‘कोणी मागतच नाही,’ असे उत्तर मिळाले. शेवटी ते लहान मुलांच्या सामानाच्या दुकानात आठ हजारांच्या आसपास मिळाले. घरी नेईपर्यंत भाचा अस्वस्थ होता. गाडी बाहेरून होती तशीच दिसत होती आणि पैसे संपले होते.

त्याची ती अस्वस्थता मला धोरणकर्त्यांपर्यंत पोहोचवावीशी वाटते. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपद्वारे नव्या गाड्यांना सुरक्षेचे तारे मिळू लागले. पण ते तारे कारखान्यातून निघालेल्या गाडीला असतात, करोल बागेतून निघालेल्या नव्हे. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे जुन्या नियमांनुसार बनलेल्या लाखो गाड्या आणखी कित्येक वर्षे धावतील, हातोहात विकल्या जातील आणि बाजारात सजवल्या जातील.

त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, परवानगी असलेल्या फेरबदलांची एकच राष्ट्रीय यादी. ती प्रत्येक राज्यभाषेत असावी आणि नोंदणी किंवा हस्तांतरणाच्या वेळी मालकाच्या हाती पडावी. दुसरी, विक्रेत्याची जबाबदारी. अधिसूचित महत्त्वाचा सुरक्षा भाग मानकानुसार नसतानाही विकल्यास प्रत्येक नगामागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, अशी तरतूद त्याच कलम १८२-अ मध्ये आहे. तरीही कारवाईचा भार मालकाच्या पाच हजारांवरच पडताना दिसतो. तिसरी, प्रदूषण तपासणी केंद्रांवर दिव्यांचा कोन तपासण्याची सोय. गाडी तिथे ठरावीक मुदतीने येतेच; काही मिनिटांच्या या तपासणीने रात्रीचे रस्ते कितीतरी सुसह्य होतील.

माणसाला आपली गाडी आपली वाटावी, ही इच्छा गुन्हा नव्हे. पण त्या इच्छेला वाट दाखवणारे कुणी नसेल, तर ती दुकानाच्या फळीवर जे समोर दिसेल तेच उचलते. गेल्या आठवड्यात भाचा त्याच बाजारात पुन्हा गेला होता. आवरणे घ्यायला नव्हे. मित्राला त्याच्या मुलासाठी बालआसन हवे होते आणि कुणी ठेवू लागले आहे का, ते पाहायला. अजून कुणीच ठेवत नाही. पट्ट्याची घंटा गप्प करणारी ती चपटी पट्टी मात्र, त्याने सांगितले, दोन दुकानांत मागताच मिळाली.