घराची पुनर्रचना आणि धान्यसाठवण : बारामती-इंदापूर परिसर

बारामती व इंदापूर तालुक्यांतील जुन्या माळवदी घरांत साठवण हा बांधकामाचाच भाग होता. माजघराच्या जाड भिंतीत बळद, तर जमिनीत पेव असे. १९व्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला, त्यामागून ऊस आला. पाणथळ जमिनीत पेव निरुपयोगी ठरते. बळद मात्र नूतनीकरणात भिंतीसह पाडले जाते. नव्या नकाशात हॉल, बेडरूम, ओटा असतो. वर्षाच्या ज्वारीला जागा नसते. मग पत्र्याची कोठी जिन्याखाली, न्हाणीघराच्या ओलसर भिंतीला टेकते आणि धान्यास बुरशी व कीड लागते. वस्तुतः खोल्या आखण्यापूर्वीच कोठीची जागा निश्चित करावयास हवी : स्वयंपाकघरालगत, भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी फळ्यांवर. आराखडा ठरविताना धान्य वाळविणाऱ्या गृहिणीस क्वचितच विचारले जाते. हा दोष वास्तुविशारदाचा कमी, कुटुंबाचा अधिक.