खोट्या आठवणी व खरीं माणसें

मनुष्यास आपल्या प्रकृतीविषयीं, पैशाविषयीं, फार काय, आपल्या बुद्धीविषयींहि शंका येते; परंतु आपल्या आठवणीविषयीं ती सहसा येत नाहीं. “मीं हें प्रत्यक्ष पाहिलें आहे” असें एकदां म्हटलें कीं वाद संपला, अशी आपली समजूत असते. दुसऱ्याची आठवण आपल्या आठवणीशीं जुळली नाहीं, तर तो खोटें बोलतो असें आपण चटकन म्हणतों. आणि मग वर्गांतील मित्रांत, शेजाऱ्यांत, सख्ख्या भावांतहि वांकडें येतें. स्मृति ही वस्तु खरोखर कशी आहे, तिच्यावर किती भिस्त ठेवावी, आणि ती फसली असतां माणसावरील विश्वासाचें काय करावें, याचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आहे. त्यासाठीं प्रारंभीं एका अमेरिकन हास्यकथेचा आधार घेतों.

‘रिक अँड मॉर्टी’ नांवाची विज्ञानकल्पित विनोदी ॲनिमेशन मालिका अमेरिकेंत २०१३ सालच्या डिसेंबरांत सुरू झाली. ती प्रौढांसाठीं आहे. तिची भाषा ठिकठिकाणीं ग्राम्य आहे. म्हणून ती विद्यार्थ्यांनीं पाहावी अशी शिफारस येथें करावयाची नाहीं. तथापि ता. १६ ऑगस्ट २०१५ रोजीं दाखविलेल्या ‘टोटल रिकॉल’ या तिच्या एका भागाचें कथानक लहानथोरांनीं विचार करण्याजोगें आहे.

रिक हा एक वृद्ध शास्त्रज्ञ. मुलगी बेथ, जांवई जेरी आणि समर व मॉर्टी हीं नातवंडें यांच्यासह तो राहतो. एके दिवशीं सर्व मंडळी टेबलाभोंवतीं बसलीं असतां रिक घरांतील लाडक्या स्टीव्हकाकांवर एकाएकीं गोळी झाडतो. घरचीं माणसें किंकाळी फोडतात. पण पाहतात तों काकांच्या जागीं एक विचित्र परग्रहावरील जंतु मरून पडलेला! स्टीव्हकाका असे कोणी नव्हतेच. हे जंतु स्वतःविषयींच्या खोट्या आठवणी माणसांच्या मनांत पेरतात व त्यांच्या जोरावर घरांत बस्तान बसवितात. ते जगभर पसरूं नयेत म्हणून रिक घराचीं दारेंखिडक्या पोलादी पत्र्यांनीं बंद करून टाकतो. परंतु आंत कोणी “आठवतें का, त्या वेळीं आपण...” असें म्हणूं लागला कीं त्या आठवणींतून आणखी एखादा ‘जुना स्नेही’ निर्माण होतो. पाहतां पाहतां घर भरून जातें. त्यांत अदबशीर खानसामा आहे, बोलकी पेन्सिल आहे, छायाचित्रें काढणारा डायनोसॉरहि आहे. बेथला तर भलताच गृहस्थ आपला पति वाटूं लागतो. खरें कोण व खोटें कोण हें कोणासच सांगतां येईना. जो तो दुसऱ्याकडे संशयानें पाहूं लागतो. शेवटीं प्रत्यक्ष रिकवरहि संशय येतो.

या गोंधळांत मॉर्टीला एक युक्ति सुचते. आजोबांनीं आपणांस किती वेळां छळलें, फसविलें, संकटांत लोटलें हें त्याला आठवतें, आणि त्याच्या ध्यानांत येतें कीं हे जंतु केवळ गोड आठवणीच पेरूं शकतात. ज्याच्याविषयीं एखादी कडू आठवण आहे, तो मनुष्य खरा! ही कसोटी लावून कुटुंबीय एकेका जंतूचा निकाल लावतात. येथें कथा संपती तर ती नुसती करमणूक ठरली असती. परंतु लढाई आटोपल्यावर सर्व मंडळी जेवावयास बसतात, तेव्हां टेबलाशीं एक पिवळ्या रंगाचा, उंच टोपी घातलेला मित्र असतो. त्याच्या संबंधीं बेथला एकहि वाईट आठवण नसते. ती थरथरत्या हातानें त्याच्यावर गोळी झाडते. पण तो जंतु होत नाहीं. त्याच्या अंगांतून रक्त वाहूं लागतें. तो खराच मित्र होता. त्याचा गुन्हा एवढाच, कीं त्यानें त्यांना कधीं दुखविलें नव्हतें. पुढें इस्पितळांतून त्याचा निरोप येतो, कीं माझ्याविषयीं तुमच्याजवळ वाईट आठवणी नव्हत्या, याबद्दल मला क्षमा करा.

आतां कोणी म्हणेल, परग्रहावरील जंतूंची ही कल्पना. तिचा आपणांशीं काय संबंध? संबंध असा, कीं खोट्या आठवणी निर्माण होण्यास बाहेरचे जंतु लागतच नाहींत. आपलें मन तें काम घरींच करतें.

स्मृति ही पेटींत ठेवलेल्या छायाचित्रासारखी असते, असा सामान्य समज आहे. केंब्रिज विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनीं १९३२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या समजाला धक्का दिला. उत्तर अमेरिकेंतील आदिवासींची एक लोककथा त्यांनीं इंग्रज वाचकांस वाचावयास दिली व कांहीं काळानें ती आठवून लिहावयास सांगितली. वाचकांनीं अपरिचित गोष्टी गाळल्या, विसंगत वाटलेलीं स्थळें जुळवून घेतलीं, आणि कथेंतील पडावाची साधी होडी केली. यांत कोणी लबाडी केली नव्हती. आठवणें म्हणजे सांठविलेली वस्तु बाहेर काढणें नव्हे, तर उरलेल्या तुकड्यांवरून ती पुन्हां रचणें होय, असा निष्कर्ष त्यांतून निघाला.

ही रचना दुसऱ्याच्या एका शब्दानेंहि बदलते. अमेरिकेंतील एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेले प्रयोग यासाठीं प्रसिद्ध आहेत. त्यांपैकीं एकांत १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीचा चित्रपट दाखविला. पन्नास जणांस “मोटारी एकमेकींवर आदळून चुराडा झाला, तेव्हां त्यांचा वेग किती होता?” अशा अर्थाचा प्रश्न विचारला, दुसऱ्या पन्नास जणांस “मोटारी एकमेकींना धडकल्या, तेव्हां” असा सौम्य शब्द वापरला, उरलेल्यांस वेगाविषयीं कांहींच विचारलें नाहीं. आठवड्यानंतर सर्वांस विचारलें, “फुटलेली काच पाहिली काय?” चित्रांत काच फुटलेलीच नव्हती. तरी पहिल्या पन्नासांपैकीं १६ जणांनीं, दुसऱ्यांपैकीं ७ जणांनीं व तिसऱ्यांपैकीं ६ जणांनीं “पाहिली” असें सांगितलें. एका शब्दानें काचेचे तुकडे उत्पन्न केले!

१९९५ मध्यें लॉफ्टस व जॅकलिन पिक्रेल यांनीं याहून पुढची पायरी गांठली. २४ प्रौढ माणसांना त्यांच्या लहानपणच्या चार हकीकती लिहून दिल्या. त्यांतील तीन आप्तांनीं सांगितलेल्या खऱ्या होत्या; चौथी, लहानपणीं बाजाराच्या मोठ्या इमारतींत हरवल्याची, बनावट होती. सुमारें चतुर्थांश लोकांना ही न घडलेली गोष्ट पूर्णपणें वा अंशतः ‘आठवली’. कथेंतील कुटुंबाप्रमाणें येथेंहि बीज पेरलें गेलें तें घरच्या माणसाच्या तोंडून आलेल्या हकीकतीच्या रूपानें.

मग मॉर्टीची कसोटी आपणांस उपयोगी पडेल काय? नाहीं. ती एका बाजूनें कशी फसते हें पिवळ्या मित्रानें दाखविलें. दुसऱ्या बाजूनेंहि ती फसते. कारण अत्यंत कडू आठवणहि चुकीची असूं शकते. अमेरिकेंत उत्तर कॅरोलायना संस्थानांतील बर्लिंग्टन गांवीं १९८४ सालीं एका नराधमानें रात्रीं घरांत शिरून जेनिफर टॉम्प्सन या विद्यार्थिनीवर अत्याचार केला. त्याला पुढें ओळखतां यावें म्हणून तिनें त्याही स्थितींत त्याचा चेहरा निरखून पाहिला. नंतर पोलिसांनीं दाखविलेल्या छायाचित्रांतून, व मागाहून उभ्या केलेल्या माणसांच्या रांगेंतून, तिनें रोनाल्ड कॉटन या तरुणास निवडलें. तुमची दोन्ही वेळची निवड एकच आहे, असें तिला सांगण्यांत आलें. त्यामुळें तिची खात्री अधिकच दृढ झाली. १९८५ सालीं कॉटन यांना शिक्षा झाली. पुढें १९८७ सालच्या फेरसुनावणीच्या वेळीं खरा गुन्हेगार बॉबी पूल तिच्यासमोर न्यायालयांत आणला असतांहि तिनें त्याला ओळखलें नाहीं. कारण तोंपर्यंत तिच्या आठवणींत कॉटन यांचाच चेहरा बसला होता. दहा वर्षांहून अधिक तुरुंगवास भोगल्यावर, १९९५ सालीं डी. एन. ए. परीक्षेनें कॉटन निर्दोष ठरले.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावी. त्या मुलीवर अत्याचार झाला हें पूर्ण सत्य होतें. तिच्या सांगण्यांत कपटाचा लेशहि नव्हता. चुकला तो केवळ चेहरा. म्हणून स्मृति फसते या ज्ञानाचा उपयोग दुःख सांगणाऱ्याचें तोंड बंद करण्याकडे कोणी करूं नये. लहान मूल आपणांस कोणी त्रास दिल्याचें सांगूं लागलें, तर त्याचें बोलणें आधीं शांतपणें व आदरानें ऐकून घेणें हेंच वडील माणसांचें कर्तव्य आहे.

मात्र विचारण्याची रीत संभाळली पाहिजे. “त्या अमक्यानेंच तुला मारलें ना?” असें विचारणें म्हणजे मुलाच्या मनांत उत्तर पेरणें होय. “काय झालें तें सांग; मग पुढें काय झालें?” एवढेंच विचारावें, व मध्येंच आपली भर घालूं नये. विद्यार्थ्यांनींहि भांडणाची हकीकत चार मित्रांत घोळविण्यापूर्वीं ज्यानें त्यानें स्वतंत्रपणें लिहून काढावी; कारण एकत्र बसून आठवलेल्या गोष्टींत कोणाचा डोळा व कोणाची जीभ, हें मागाहून निवडतां येत नाहीं. आठवण स्पष्ट आहे, तपशील भरपूर आहे, सांगणारा ठाम आहे, एवढ्यावरून ती खरी ठरत नाहीं. लेखी नोंद, दुसऱ्याची स्वतंत्र साक्ष, प्रत्यक्ष वस्तु यांच्याशीं ती ताडून पाहावी. आणि दोघांच्या आठवणी जुळल्या नाहींत, तर “तूं लबाड आहेस” असें म्हणण्यापूर्वीं “आपणां दोघांपैकीं कोणाची तरी आठवण चुकत असेल” असें म्हणावें. या दोन वाक्यांतील अंतर लहान दिसतें. परंतु पहिल्यानें मैत्री तुटते, दुसऱ्यानें ती टिकते.

जेनिफर टॉम्प्सन यांनीं पुढें कॉटन यांची भेट घेऊन त्यांची क्षमा मागितली, व त्यांनीं ती केली. दोघांत स्नेह जडला. २००९ सालीं त्यांनीं आपली हकीकत एकत्र ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली, आणि साक्षीदारांकडून ओळख पटविण्याच्या पद्धती सुधाराव्या म्हणून दोघेहि झटूं लागले. त्यांचा हा स्नेह जुन्या आठवणींच्या आधारावर उभा राहिला नाहीं, कारण त्या आठवणींनीं दोघांचाहि घात केला होता. पुराव्यानें जें सिद्ध झालें तें एकीनें मान्य केलें, दुसऱ्यानें मनांत अढी ठेविली नाहीं, आणि तेवढ्यावर त्यांनीं एकमेकांवर विश्वास ठेवण्यास आरंभ केला. आपल्या घरांत व शाळेंत जे लहानसहान तंटे रोज होतात, त्यांत हाच क्रम आपणांस अनुसरतां येईल.