विमाननिर्मिती आणि स्वयंचलन अभियंता

मुलचेऱ्याच्या वसतिगृहात आम्ही शिकत होतो, तेव्हा विमान म्हणजे सागाच्या शेंड्यांवरून सरकणारा एक चकाकता ठिपका होता. पुढे विमानांचे भाग घडविणाऱ्या कारखान्यात स्वयंचलन अभियंता म्हणून काम करण्याची संधी मिळाली. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या कामाची ओळख विद्यार्थ्यांना करून देणे आम्हांस उचित वाटते.

हे क्षेत्र आपणांस परके नाही. नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला. तेथे मिग-२१ व सुखोई-३० ही लढाऊ विमाने तयार झाली. नागपूरच्या मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्याने बोइंग ७८७ च्या प्रवासी कक्षाखालील तुळया कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थापासून बनविल्या.

मोठ्या प्रवासी विमानाचे भाग लक्षावधी रिव्हेट व बोल्टांनी जोडलेले असतात, आणि प्रत्येकासाठी एक छिद्र लागते. छिद्र तिरपे गेले किंवा त्याची कड खरबरीत राहिली, तर पुनःपुन्हा पडणाऱ्या ताणाने तेथूनच तडा सुरू होऊ शकतो. म्हणून हे काम अनेक ठिकाणी यंत्रमानवाकडे सोपविले जाते. मात्र यंत्रमानवाचा हात एकाच जागी पुनःपुन्हा अचूक पोहोचत असला, तरी आराखड्यातील नव्या जागी तितका अचूक पोहोचत नाही; भाराने तो किंचित वाकतोही. यासाठी कॅमेरा भागावरील खुणा पाहून जागा दुरुस्त करतो आणि ड्रिलभोवतीचे संवेदक ते पृष्ठभागाशी काटकोनात आहे की नाही, हे तपासतात. या सर्वांचा मेळ घालणारा प्रोग्रॅम लिहिणे व पारखणे हे अभियंत्याचे काम होय.

पावसाळ्यात दार फुगते, हे आपला सुतार जाणतो. धातूही उष्णतेने वाढतो. दहा मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी १० अंश सेल्सिअसने तापली, तर सुमारे २.३ मिलिमीटर वाढते. त्यामुळे तापमानाचाही हिशेब ठेवावा लागतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी, एका रात्रपाळीत, आमच्या प्रोग्रॅममधील एक आकडा चुकला आणि एक छिद्र जागेवरून सरकले. रिव्हेटचे डोके बसल्यावर ते कोणाच्या दृष्टीस पडले नसते. क्षणभर मन डळमळले, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्या भागाच्या भरवशावर अनोळखी माणसे आकाशात बसणार होती. आम्ही यंत्र थांबविले, भागाला लाल चिठ्ठी बांधली आणि नोंदवहीत आपल्या नावासह चूक लिहिली. भाग बाद झाला. त्यानंतर प्रोग्रॅममध्ये कोणताही बदल केल्यास पहिले छिद्र नमुना पट्टीवर पाडावयाचे, हा नियम आम्ही स्वतःस घालून घेतला आणि तो आजही पाळतो.

विद्यार्थी मित्रहो, या क्षेत्राची वाट आयटीआयमधून, गडचिरोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून किंवा चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातूनही जाते. भूमितीतील कोन आणि भौतिकशास्त्रातील प्रसरण मनापासून समजून घ्या. प्रयोगवहीत मात्र जे दिसले तेच लिहा; उत्तर जुळावे म्हणून आकडा बदलू नका. ती सवय येथेच, याच बाकांवर लागते.