जुनी हार्ड डिस्क, नवा संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नियमित साहाय्यसेवा संपली आणि अनेक घरांत नवा संगणक आला. जुन्या संगणकातील दुसऱ्या हार्ड डिस्कमध्ये मात्र वीस-वीस वर्षांची छायाचित्रे, हिशेब आणि लेखन साठलेले असते. ही डिस्क नव्या संगणकात बसवता येते; परंतु जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी काही गोष्टी तपासणे आवश्यक आहे.

प्रथम 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून पाहावे. आपण ज्याला 'डी ड्राइव्ह' म्हणतो, ती बऱ्याचदा स्वतंत्र डिस्क नसून एकाच डिस्कचा दुसरा भाग असतो. तसे असल्यास माहितीची नक्कल करून घेणेच सोयीचे. डिस्क स्वतंत्र असेल, तर तिच्यावर 'बिटलॉकर'चे कुलूप आहे का, हे पाहावे. जुन्या संगणकावर हे कुलूप आपोआप उघडत असल्याने अनेकांना त्याची कल्पनाही नसते. नवा संगणक मात्र पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की मागतो आणि दोन्ही नसतील तर माहिती परत मिळण्याचा मार्ग उरत नाही. त्यामुळे ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी, किंवा कुलूप काढून टाकावे.

जोडणी त्यामानाने सोपी आहे. साटा डिस्कला दोन केबल लागतात, एक माहितीची आणि एक विजेची. वीजपुरवठा पूर्ण बंद करूनच त्या लावाव्यात. लॅपटॉप असेल तर यूएसबी केसिंग घ्यावे. साडेतीन इंची डिस्कला मात्र वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो, केवळ यूएसबीची वीज तिला पुरत नाही.

खरा धोका यानंतर आहे. डिस्क 'इनिशियलाइज' किंवा 'फॉरमॅट' करायची का, असे विंडोज कधीकधी विचारते. घाईघाईने होकार देऊ नये. केबल सैल असू शकते. शिवाय काही केसिंग डिस्कची मांडणी वेगळ्या पद्धतीने दाखवतात, त्यामुळे केसिंगमध्ये वापरलेली डिस्क थेट जोडल्यावर कोरी भासते. अशा वेळी ती पूर्वीच्याच केसिंगमध्ये लावून पाहावी. फोल्डर उघडताना 'अ‍ॅक्सेस डिनाइड' आले, तर घाबरण्याचे कारण नाही. फायलींची मालकी जुन्या खात्याच्या नावे असते. 'सिक्युरिटी'मध्ये जाऊन ती स्वतःकडे घेता येते.

डिस्कवरील प्रोग्रॅम मात्र पुन्हा इन्स्टॉल करावे लागतात, कारण त्यांच्या नोंदी जुन्या सी ड्राइव्हमधील रजिस्ट्रीत राहिलेल्या असतात. मराठी वाचकांसाठी आणखी एक बाब. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर नव्या संगणकावर अगम्य चिन्हांसारखा दिसतो. मजकूर शाबूत असतो. नसतो तो फॉन्ट, आणि तो जुन्या सी ड्राइव्हवरील विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये असतो. म्हणून ते फोल्डरही डिस्क काढण्यापूर्वी तिच्यावर उतरवून घ्यावे.