एका म्यानात दोन तलवारी

फ्रान्सची राज्यक्रांती म्हटली की सर्वांना १७८९ साल आठवते. १८४८ च्या क्रांतीकडे सहसा कोणी वळत नाही. तिच्यातून जन्मलेले दुसरे प्रजासत्ताक पुरती पाच वर्षेही जगले नाही. तथापि राज्ययंत्र कोठे व कसे मोडते हे ज्याला पाहावयाचे आहे, त्याने या अल्पायुषी राज्याचाच अभ्यास करावा असे आम्हांस वाटते.

२४ फेब्रुवारी १८४८ रोजी लुई फिलिप राजाने सिंहासन सोडले आणि पॅरिसच्या नगरभवनात हंगामी सरकार उभे राहिले. अकरा माणसे; त्यांत लामार्तीन हा कवी, आरागो हा ज्योतिर्विद, लुई ब्लाँ हा समाजवादी लेखक आणि आल्बेर नावाचा एक कामगार! अशा मंडळींचे एकमत होणे कठीणच. पण त्यांनी ५ मार्चला प्रत्येक प्रौढ पुरुषाला मताचा अधिकार दिला. काल जेथे भरपूर कर भरणारे सुमारे अडीच लाख लोकच मतदार होते, तेथे आता नव्वद लाखांहून अधिक झाले. (स्त्रियांना मात्र हा हक्क मिळण्यास १९४४ साल उजाडावे लागले.) २७ एप्रिलला वसाहतींतील गुलामगिरी रद्द झाली. बेकारांसाठी राष्ट्रीय कार्यशाळा निघाल्या. निवडून आलेल्या संविधानसभेने त्या जूनमध्ये मोडावयास घेताच पॅरिसचा कामगार बंड करून उठला, आणि जनरल काव्हेन्याकने चार दिवसांत ते बंड चिरडले.

४ नोव्हेंबरला घटना मंजूर झाली. तिची रचना नीट पाहू. कायदे करावयास ७५० सभासदांचे एकच सभागृह, मुदत तीन वर्षे. कारभार पाहावयास राष्ट्राध्यक्ष, मुदत चार वर्षे, लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहण्यास मनाई. दोघांचीही निवड थेट जनतेकडून. अध्यक्षाला सभागृह बरखास्त करता येत नव्हते, आणि राजद्रोहासारख्या गुन्ह्यावाचून सभागृहाला अध्यक्ष दूर करता येत नव्हता. मग दोघांचे भांडण जुंपले तर तोडावे कोणी? घटनेत उत्तर नव्हते. शिवाय सभागृहाच्या वाट्याला आलेला लोकमताचा कौल ७५० ठिकाणी विभागलेला, अध्यक्षाचा मात्र एकाच डोक्यावर एकवटलेला.

हा धोका ज्यूल ग्रेव्ही या सभासदाने ओळखला होता. लोकनियुक्त अध्यक्ष नकोच, सभागृहाने प्रमुख नेमावा व हवा तेव्हा काढावा, अशी त्याची उपसूचना मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. जनतेनेच अध्यक्ष निवडावा म्हणून लामार्तीनने आपले सारे वक्तृत्व पणाला लावले. डिसेंबरात मतदान झाले. सुमारे ७४ लाख मतांपैकी ५४ लाख लुई नेपोलियनला मिळाली. लामार्तीनला वीस हजारही नाहीत. (ग्रेव्ही पुढे १८७९ साली स्वतः राष्ट्राध्यक्ष झाला, पण तो संसदेने निवडलेला!)

अध्यक्षाचा दोष उघड आहे, परंतु सभागृहालाही आम्ही निर्दोष म्हणणार नाही. ३१ मे १८५० च्या कायद्याने त्याने एकाच ठिकाणी तीन वर्षे वास्तव्याची अट घातली आणि सुमारे तीस लाख मतदार यादीतून उडविले. कामासाठी गावोगाव हिंडणारा मजूर त्यात प्रथम गेला. ज्या फांदीवर बसले, तीच तोडली. जुलै १८५१ मध्ये अध्यक्षाच्या फेरनिवडीची वाट मोकळी करणारी घटनादुरुस्ती मतास आली. बाजूने ४४६, विरुद्ध २७८. पण आवश्यक होते तीन-चतुर्थांश. सनदशीर दार बंद झाले.

२ डिसेंबर १८५१ च्या पहाटे सैन्याने सभागृह ताब्यात घेतले. घटनेच्या ६८ व्या कलमाप्रमाणे सभागृह मोडणारा अध्यक्ष त्याच क्षणी पदच्युत होत होता. त्या कलमाला अनुसरून उच्च न्यायासनाचे न्यायाधीश जमलेही. पोलिसांनी त्यांना उठवून लावले. पॅरिसात व दक्षिणेच्या खेड्यांत काही लोक लढले. पण लुई नेपोलियनने त्याच दिवशीच्या जाहीरनाम्यात सर्व पुरुषांचा मताधिकार परत दिला होता. ज्यांचा हक्क सभागृहाने हिरावून घेतला, त्यांनी त्या सभागृहासाठी गोळ्या का झेलाव्या? त्याच महिन्यात सत्तर लाखांहून अधिक मतांनी जनतेने अध्यक्षाच्या कृत्याला मान्यता दिली, आणि बरोबर एका वर्षाने, २ डिसेंबर १८५२ रोजी, तो सम्राट तिसरा नेपोलियन झाला.